मागची खोली, मागाची खोली

मी आयुष्यभर घरं वरून पाहिली, छप्पर काढून. नकाशा म्हणजे दुसरं काही नसतं. घर कमरेच्या थोडं वर आडवं कापायचं, वरचा भाग अलगद उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यात डोकावून पाहायचं. भिंती जाड रेघा होतात, खिडक्या बारीक, दार म्हणजे पाव वर्तुळ. ही सवय एकदा लागली की जात नाही. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी मी मनातल्या मनात त्यांचं छप्पर काढून ठेवलेलं असतं, आणि मोरीचं दार उलट्या बाजूला उघडायला हवं होतं असा विचार करत बसलेली असते. घरच्या बाईंना वाटतं, मॅडम किती शांत आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी काम थांबवलं. म्हणजे ऑफिसची किल्ली जागामालकाला परत दिली; डोक्यातलं काम चालूच आहे. दुपारी जेवून पडलं की मी माझ्या घरांतून फिरते. बांधून झालेल्या, अर्धवट राहिलेल्या, नुसत्याच कागदावर राहिलेल्या. कागदावरच्या घरांत ऊन लागत नाही, आणि हे केवढं सुख आहे ते सोलापुरात एक एप्रिल काढलेल्या माणसाला सांगायला नको. एका घराच्या स्वयंपाकघरातून निघते आणि दुसऱ्याच कुणाच्या जिन्यावर पोचते. भिंती मध्ये येत नाहीत, माणसंही हटकत नाहीत. एखाद्या खोलीत बराच वेळ उभी राहते, ती कुणाची होती ते आठवत नाही, पण खिडकी कुठल्या दिशेला ते अचूक आठवतं.

मी मूळची अक्कलकोटची. घरी कानडी, शाळेत मराठी. आयटीआयमध्ये नकाशे काढण्याचा कोर्स केला तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो, आणि दुसरीचं लग्न ठरल्यावर मी एकटीच. सोलापुरात एका इंजिनिअर साहेबांकडे बरीच वर्षं काढली, मग महापालिकेचं लायसन काढून स्वतःची पाटी लावली. बाहेरच्यांना वाटतं, बांधकाम परवाना काढून देणं म्हणजे नुसते खेटे घालणं. खेटे असतातच. पण खरं काम वेगळं आहे. माणसाच्या मनात एक घर असतं आणि नियमांच्या पुस्तकात दुसरं. त्या दोघांची भेट घालून द्यायची, आणि दोघंही रुसणार नाहीत असं बघायचं.

प्लॉटच्या सर्व बाजूंनी ठरावीक जागा मोकळी सोडावी लागते. तिला सामासिक अंतर म्हणतात. मालकाला ती फुकट गेलेली जागा वाटते. मी सांगायची, ही जागा तुमच्या घराची नाही, तुमच्या उजेडाची आहे. हे वाक्य मला फार आवडायचं. नियम मोडायला निघालेल्या माणसांवर त्याचा काडीचाही परिणाम होत नसे, तो भाग वेगळा.

आणि मग तीन कागद. काम सुरू करण्याआधी परवाना. पाया भरून जोतं वर आलं की जोते तपासणीचा दाखला, म्हणजे घर नकाशातल्या जागीच उभं राहतंय ना याची खात्री. शेवटी भोगवट्याचा दाखला. तो मिळाला की राहायला हरकत नाही. भोगवटा हा सरकारी शब्दांतला माझा सगळ्यात लाडका शब्द. सुख भोगणंही त्यात आलं आणि भोग भोगणंही. घराचं याहून खरं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ श्रीपूरला साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना वसाहतीतलं आपलं क्वार्टरच हवं होतं, तसंच्या तसं. खोल्या तेवढ्याच, खिडक्या तिथंच, नळसुद्धा त्याच गैरसोयीच्या कोपऱ्यात. मी म्हटलं, जागा आहे, थोडं ऐसपैस करू. ते म्हणाले, तिथं मी डोळे मिटून चालत होतो मॅडम, या वयात नवं घर कधी शिकू? त्यांचं घर मी तसंच काढलं. फक्त नियमाप्रमाणे स्वयंपाकघर एक फूट रुंद करावं लागलं. राहायला गेल्यावर एकदा बाजारात भेटले तर तक्रारीच्या सुरात म्हणाले, त्या एका फुटात रोज अडखळतोय. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

आता मुद्द्यावर येते. हा लेख लिहायला बसले ती एकाच खोलीसाठी.

नकाशावर प्रत्येक खोलीला नाव लिहावं लागतं, आणि यातली बरीच नावं खोटी असतात. देवघर लिहिलेल्या खोलीत भाडेकरू राहतो, पार्किंगमध्ये पिठाची गिरणी चालते. आमच्या शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, 'स्टोअर' या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा माग असा असतो. राहत्या घरात माग म्हटलं की फायलीवर प्रश्न निघतात: हा धंदा की घर, यंत्र की हात, आवाज किती. उत्तरं असतात, पण ती देता देता महिने जातात. म्हणून सगळेच स्टोअर लिहितात. मीही लिहायची. खोलीचं खरं नाव जायचं दुसऱ्या कागदावर, मालक आणि ठेकेदार यांच्यातल्या करारावर. कोणतं काम कसं करायचं, भिंत किती जाड, फरशी कुठली, सगळं त्यात. लोकांना टाइप केलेल्या करारापेक्षा माझ्या हातचा करार आवडायचा. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला थोडा गर्व होता. थोडा नव्हे, चांगलाच होता.

नरसय्यामामा माझ्या ऑफिसात आले ते लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. सत्तरी ओलांडलेले विणकर. लेक राजमणी नवरा गेल्यापासून वडिलांजवळच, तिच्या नान्नांजवळच, राहायची आणि विड्या वळून घर चालवायची. पत्र्याची जुनी खोली पाडून त्यांना तीन खोल्यांचं पक्कं घर बांधायचं होतं. राजमणीची मागणी एकच, पाण्याचा मोठा हौद. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी जे साठेल तेच आपलं. मी हिशेब मांडून दाखवला की हौद काही बसत नाही, बाहेर प्लास्टिकची टाकी ठेवू. ती बरं म्हणाली.

मामांची मागणी वेगळी होती. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या मागांवर कापड काढलं. स्वतःचा माग एकच, लाकडी, जमिनीत खड्डा करून बसवायचा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडून पावड्या दाबतो आणि हातानं धोटा फेकतो. तो माग सुटा करून शेजाऱ्याच्या माळ्यावर ठेवला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामांना सांगितलं होतं की नजर हळूहळू जाणार, आणि गेली की परत यायची नाही.

"उजेड डाव्या हाताला पायजे, अम्मा," ते म्हणाले. "आन वरनं नको, खालनं. मी जमिनीवर बसतो. तू काढती ती खिडकी माझ्या डोक्यावरनं जाती. डोळं हायत तवर मला त्या खोलीत बसू दे. एकदा हाताला खोली कळली की मग डोळं गेलं तरी चालंल."

मी एवढी वर्षं घरं काढली, पण हाताला कळणारी खोली कुणी मागितली नव्हती. त्या दिवशी मी जेवायचं विसरून तीच खोली काढत बसले. उत्तरेच्या बाजूची, दिवसभर एकसारखा, सावलीतला उजेड येणारी. जमिनीपासून फक्त एक फुटावर खिडकी. मधोमध साडेतीन फूट खोल खड्डा, लांबी-रुंदी मामांनी हातानं मोजून दाखवलेली. महापालिकेच्या नकाशावर तिचं नाव अर्थातच स्टोअर, आणि खिडकी चारचौघींसारखी. खिडकीची उंची, खड्डा, सगळा तपशील करारात लिहिला. त्यावर मामांनी तेलुगूत सही केली.

ठेकेदार महादेव, मोडनिंबकडचा. सरळ माणूस. सांगितलं तेवढंच करणार आणि सांगितलं ते सगळं करणार. काम सुरू झालं. जोतं वर आलं तेव्हा मी साइटवर जाऊन पाहायला हवं होतं. ऊन फार होतं. महादेवनं मोबाइलवर फोटो पाठवले, जोतं सरळ दिसत होतं, मी ऑफिसात पंख्याखाली बसून तपासणीच्या कागदावर सही केली. पुढेही एकदोनदा गेले ती रस्त्यावरूनच पाहून आले. घर बाहेरून छान चाललं होतं.

घर पुरं झालं. सामान लावायच्या दिवशी राजमणीचा फोन आला. म्हणाली, मॅडम जरा येता का, नान्ना मागच्या खोलीत जाऊन बसलेत आणि उठत नाहीत.

मी गेले. स्वयंपाकघरामागची ती दक्षिणेकडची खोली, मोरीला लागून. आत अंधारलेलं आणि गार. भिंतीला अगदी खाली, जमिनीपासून एक फुटावर खिडकी, आणि खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत. खोलीच्या मधोमध हौद. चांगला गुळगुळीत गिलावा केलेला, कोपरे गोल केलेले, काठोकाठ पाण्यानं भरलेला. मामा त्या हौदाच्या काठावर धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन बसले होते. पाय पाण्यात. एकदा डावा पाय सावकाश खाली जायचा, एकदा उजवा. पाणी जराही खळखळत नव्हतं. ते पाण्यात पावड्या शोधत होते.

"लांबी-रुंदी बरोबर हाय, अम्मा," ते म्हणाले. "पण ह्यात पाणी कशाला भरलंय?"

दाराशी राजमणी रडवेली होऊन उभी होती. हौद बांधला जाताना तिनं पाहिला होता. तिला वाटलं होतं, मॅडमनी आपलं ऐकलं. मागाचा खड्डा माग आणल्यावर दुसऱ्या खोलीत खणतील अशी तिची समजूत. पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा तिनं तो आनंदानं भरून घेतला होता.

महादेवला बोलावलं. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून करार काढला, माझ्यासमोर धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"कागदात हाय ते केलंय की, म्याडम. वाचा तुमीच."

अक्षर माझंच, टपोरं, सुबक. 'मागची खोली. खिडकी जमिनीपासून एक फुटावर. मध्ये साडेतीन फूट खोल खड्डा, गिलाव्यासह.' मागची. मागाची नव्हे. ग नंतरची ती एक उभी रेघ नव्हती. नकाशात माग नाही, स्टोअर आहे. करारात मागची खोली म्हटलंय, घरामागे एक खोली आहे. आणि सोलापुरात घरात साडेतीन फुटांचा खड्डा म्हटला की तो हौदच असणार. महादेवचं कुठंच चुकलं नव्हतं. कराराचं असंच असतं. तुमच्या मनात काय होतं ते कुणी विचारत नाही, कागदावर काय उतरलं तेवढंच बघतात. हे मी शेकडो गिऱ्हाइकांना बजावून सांगितलं होतं.

आमच्या कानडीत मागाला मग्ग म्हणतात, मामांच्या तेलुगूत मग्गम. दोघांपैकी कुणाच्याही घरचा शब्द करारात पडला असता तरी ही चूक झाली नसती. घरी कानडी असल्यामुळे मराठीचा काना निसटला, असंही म्हणता आलं असतं, आणि मनात येऊन गेलंही. पण ते खरं नाही. अक्षराच्या गर्वात मी लिहिलेलं परत वाचत नसे, आणि उन्हाच्या कंटाळ्यानं साइटवर गेले नाही. एवढंच खरं. त्या गार खोलीत मी हौदाच्या दुसऱ्या काठावर बसले आणि मामांना ते सगळं सांगितलं. ते पाय पाण्यातून काढून पुसत राहिले. रागावले नाहीत, त्यानं मला जास्तच लागलं.

महादेव तोवर त्या खालच्या खिडकीपाशी उकिडवा बसून बाहेरची भिंत बघत होता. मग म्हणाला, "काना तुमचा ऱ्हायला खरा. पर हौदाला खिडकी कशाला लागतीय, हे माझ्या डोस्क्यात याय पायजे हुतं. ईचारायला हवं हुतं मी."

दुसऱ्या दिवशी तो कुणी न सांगता ब्रेकर घेऊन हजर झाला. उत्तरेच्या खोलीतली खिडकी खाली वाढवायची, फरशी फोडून खड्डा घ्यायचा. खिडकीखालची भिंत काढली तर वरच्या भाराला धक्का लागत नाही, त्यामुळे ते सोपं होतं. खड्ड्याला खाली पक्का मुरूम लागला आणि तिथं दिवस गेले. मामा रोज दारात खुर्ची टाकून आवाजावरून काम किती झालं ते ओळखायचे. मी रोज जायची. ऊन होतं, मग पाऊसही झाला, पण मी एक दिवस चुकवला नाही. हे कौतुकानं सांगत नाही, उशिरा सुचलेलं शहाणपण आहे.

भोगवट्याच्या दाखल्यासाठी झालेल्या कामाचा नकाशा द्यावा लागतो. तो काढताना त्या खोलीत नाव लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. स्टोअर लिहिलं असतं तर फाईल सुरळीत गेली असती. मी 'मागाची खोली' लिहिलं आणि तीनदा वाचून पाहिलं. व्हायचं तेच झालं. फाईल अडली. ऑफिसातल्या तरुण इंजिनिअरनं विचारलं, आधी ही खोली स्टोअर होती ना? मी म्हटलं, आधीही मागाचीच होती, मी नाव खोटं लिहिलं होतं. तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू माझी तब्येत बरी नसावी. मग प्रश्न, खुलासे, पुन्हा प्रश्न. शेवटी तो स्वतः घरी येऊन खड्ड्यात वाकून बघून गेला, एकच हातमाग आहे, मोटार नाही, असा शेरा मारला, आणि दाखला निघाला. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात खोलीचं खरं नाव घेऊन बाहेर पडलेला विणकराच्या घराचा तो एकच दाखला.

या सगळ्यात पावसाळा गेला. माग उभा राहिला तोवर मामांना फक्त खिडकी दिसत होती, पांढऱ्या ठिपक्यासारखी. डोळे असताना खोली हाताला कळू दे एवढंच त्यांनी मागितलं होतं. मी त्यांना ते पुरतं देऊ शकले नाही. माझ्या हातून कामात बऱ्याच चुका झाल्या, बहुतेक विसरले. ही दुपारी डोळे मिटले की येऊन बसते.

राजमणीचा हौद राहिला. खिडकी असलेला हौद सोलापुरात दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटत नाही. ती आता विड्यांचं सूप घेऊन मागाजवळच बसते, कारण सुताची तार तुटली की सांगायला कुणीतरी डोळस लागतं. लहानपणापासून तिला या मागाचा कंटाळा होता, हे तिनंच मला सांगितलं. आता वळता वळता तिचं अर्धं लक्ष ताण्यावर, मागावर ताणलेल्या उभ्या तारांवर असतं.

दिवाळीच्या आधी निरोप आला म्हणून गेले. सकाळचा उजेड खालच्या खिडकीतून येऊन मामांच्या डाव्या हातावर पडला होता. धोटा चालू होता, एका लयीत, आणि ते कुठंच पाहत नव्हते. मी उंबऱ्यावर बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्यांनी हात थांबवले, बाजूची घडी चाचपून उचलली आणि माझ्या दिशेनं धरली. पंचा होता. नव्या घरात विणलेला पहिला.

मी तो उलगडला. पांढरा, लाल काठाचा. काठापासून चार बोटं आत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक उभी फट गेली होती. ताण्यातली एक तार सुरुवातीलाच तुटली होती. राजमणी त्या दिवशी विड्या द्यायला कारखान्यात गेली होती. तिनं माझ्याकडे बघून मान खाली घातली.

मी म्हटलं, फार सुंदर झालाय मामा, कुठं बोट ठेवायला जागा नाही.

मामा हसले. "कागदावर लिहिती तसं बोलू नको, अम्मा. हातानं बघितलंय मी." मग पाय पुन्हा पावड्यांवर ठेवत म्हणाले, "तुझा काना ऱ्हायला, माझी तार ऱ्हायली. फिट्टंफाट झाली."